खाली बसता येतं का?

206 हाडं पाठ करणं फारसं अवघड नाही. विद्यार्थिनी (आणि आता विद्यार्थीही) रात्र जागून ती पाठ करतात, प्रॅक्टिकलला सांगाड्यावर बोट ठेवून घडाघडा नावं सांगतात आणि पास होतात. अडचण त्यापुढे सुरू होते. ऑर्थोपेडिक वॉर्डात पोस्टिंग लागतं, समोरच्या कॉटवर जालन्याकडची एखादी बाई कण्हत असते आणि पाठ केलेलं एकही हाड तिच्या अंगात सापडत नाही. सांगाड्याला लुगडं नसतं, सूज नसते, लाज नसते. तो "बाई, हात नका लावू, लई ठणकतंय" असं म्हणत नाही.

छत्रपती संभाजीनगरमध्ये मी नर्सिंग शिकवते. शरीर तपासायला शिकण्यासाठी हे शहर चांगलं आहे. 1956 साली सुरू झालेलं इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'घाटी', मराठवाड्याचाच नव्हे तर शेजारच्या बुलढाणा-जळगावचाही आधार आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतले कामगार, कापूस वेचणाऱ्या बाया, ऊसतोड मजूर, शहागंजातले हातगाडीवाले अशी सगळ्या प्रकारच्या कष्टांची शरीरं या शहरातल्या दवाखान्यांत येतात. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा केला आणि आरोग्य तपासणीचं स्वतंत्र मॉड्यूल त्यात घातलं. ते योग्यच झालं. पण या तपासणीत परिचारिकेने नेमकं काय शोधायचं, हे वर्गात पुरेसं स्पष्ट होत नाही.

कुठलं हाड मोडलं, हा डॉक्टरांचा प्रश्न. त्याचं उत्तर 'फोटो' देतो. आमच्याकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात. परिचारिकेचा प्रश्न वेगळा असतो. या माणसाला काल काय जमत होतं, आज काय जमतं आणि आज रात्री काय बिघडू शकतं? याचं उत्तर कुठल्याच फोटोत दिसत नाही. ते डोळ्यांनी बघून, हाताने चाचपून आणि चार साधे प्रश्न विचारूनच मिळतं.

बघण्यापासून सुरुवात करू. बघायला शिकवायचं तर मला वेरूळचं 21वं लेणं आठवतं, रामेश्वर. दाराशी मकरावर उभी असलेली गंगा आहे. तिचा भार एका पायावर आहे. त्या बाजूचा खुबा बाहेर आलाय, दुसऱ्या बाजूची कंबर खाली उतरलीय, कणा उलट वळलाय आणि खांद्यांनी तोल सावरलाय. आत सप्तमातृकांच्या जवळ हाडांचे सापळे कोरलेले आहेत. बरगड्या मोजता येतात, गळपट्टीचं हाड वर आलेलं दिसतं. पाठ्यपुस्तकातली अख्खी दोन प्रकरणं, उभं राहण्याची ढब आणि कातडीखाली हाताला लागणाऱ्या हाडांच्या खुणा, त्या एका लेण्यात दगडात बघायला मिळतात. ज्या मुलीने गंगेच्या कमरेचा तिरपेपणा नीट पाहिला, तिला वॉर्डात एका बाजूला झुकत चालणारी म्हातारी दिसते. एका पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडत असेल, तर उभ्या पायाच्या खुब्याचे स्नायू कमजोर असण्याची शक्यता असते. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शल्यविशारदाने 1895 मध्ये हे लक्षण वर्णन केलं. ते ओळखायला आजही नजरेखेरीज काही लागत नाही.

म्हणून मी सांगते, रुग्ण कॉटवर आडवा होईपर्यंत थांबू नका. तो दारातून कसा येतो, कुणाच्या खांद्यावर भार देतो, चप्पल कुठल्या पायातली आधी काढतो, बसताना मांडीवर हात टेकतो का, तिथेच निम्मी तपासणी होते. म्हातारा माणूस मोरीत घसरून आला, पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलं असावं असं समजूनच त्याला हलवायचं. फोटो नंतर निघेल.

आता मोजमापाकडे येते. माणूस स्वतःचं किती करू शकतो हे मोजायला जगभर बार्थेल निर्देशांक वापरतात. 1965 साली अमेरिकेत तो प्रसिद्ध झाला. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, पलंगावरून खुर्चीत जाणं, जिना चढणं अशा दहा गोष्टींना त्यात गुण आहेत. साधन उत्तम आहे, पण त्यातला माणूस खुर्चीवर राहतो. आपला माणूस जमिनीवर राहतो. खुर्चीवरून उठायला गुडघा 90 अंशांच्या थोडा पुढे वाकला तरी भागतं. उकिडवं बसायला तो 130 अंशांच्या पुढे जावा लागतो. ज्या बाईला निर्देशांकात पैकीच्या पैकी गुण मिळतील, तिला घरी गेल्यावर चुलीपुढे बसता येणार नाही, खुरपणीला जाता येणार नाही आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येणार नाही. कागदावर ती बरी झालेली असते आणि घरात अडकलेली.

म्हणून माझ्या विद्यार्थिनींच्या वहीत काही प्रश्न जास्तीचे असतात. खाली बसता येतं का? बसल्यावर काही न धरता उठता येतं का? मांडी घालता येते का? भरलेली कळशी किती लांबून आणता? किराडपुऱ्यातल्या आजोबांना विचारायचं, नमाज खाली बसून पढता की खुर्चीवर? खुर्ची कधीपासून घेतली? दोन सजद्यांच्या मध्ये बसताना गुडघा जवळपास पूर्ण मिटतो, त्यामुळे खुर्ची घेतल्याची तारीख म्हणजे गुडघा बिघडल्याची तारीख, असं बऱ्याचदा निघतं. वारकऱ्याला विचारायचं, वारीला शेवटचं पायी कधी गेलात? माणसं गुडघेदुखी किती वर्षांची हे सांगू शकत नाहीत. पायी वारी कधी सुटली हे मात्र अचूक सांगतात.

कामाचा प्रश्न याच्याही आधी यायला हवा. केसपेपरवर 'व्यवसाय : मजुरी' असा एक शब्द लिहून मोकळं होता येत नाही. दसरा झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई दिवसभर वाकून मोळ्या बांधते आणि 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. तिची मान, कंबर आणि गुडघे या कामाने झिजलेले असतात. वाळूजच्या प्रेसवर काम करणाऱ्या पोराचा धोका बोटांना असतो. 206 पैकी 106 हाडं हातापायांच्या पंजांत आहेत, हे पाठ केलेलं इथे कामाला येतं. त्याच्या हाताला जखम असेल तर पट्टीखाली बोटं हलतात का, तेवढं बघून भागत नाही. अंगठा वर करायला सांगायचं, अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करायला सांगायचं, बोटं फाकवायला सांगायची. हाताच्या तीन मुख्य नसांची ही तीन कामं आहेत. अर्ध्या मिनिटात कळतं, कुठली नस बोलत नाही ते.

बायकांना आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो : पिशवी काढलीय का, आणि कितव्या वर्षी? बीडच्या ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण इतकं मोठं असल्याचं पुढे आलं की 2019 मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या प्रकरणाची चर्चा बरीच झाली, पण ती हाडांपर्यंत क्वचितच पोचली. तरुणपणी गर्भाशयाबरोबर बीजकोशही निघाले असतील, तर इस्ट्रोजेन एकदम कमी होतं आणि हाडांतलं कॅल्शियम झपाट्याने जाऊ लागतं. चाळिशीतल्या बाईचा मणका साध्या धक्क्याने दबला, तर तिला "कंबरेत गॅप आलाय" एवढं सांगून पट्टा बांधणं पुरेसं नाही. तिच्या वयाला न शोभणारी हाडं तिच्या अंगात का आली, हे विचारणारं पहिलं माणूस बहुधा परिचारिकाच असते. कारण हा विषय बाई पुरुष डॉक्टरसमोर काढत नाही.

प्रश्न झाले की ताकद तपासायची. स्नायूंची ताकद मोजायची शून्य ते पाच ही पट्टी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धात नसांच्या जखमांसाठी रूढ केली. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, एक म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, दोन म्हणजे आधारावर सरकतो, तीन म्हणजे आपलं आपण उचलता येतं, चार म्हणजे थोडा दाब सोसतो, पाच म्हणजे पूर्ण. परीक्षेत हे सगळ्यांना येतं. वॉर्डात महत्त्वाचा असतो तीन आणि चारमधला फरक. मांडीच्या स्नायूंची ताकद तीन असलेला रुग्ण कॉटवर पाय वर उचलून दाखवतो, नातेवाईक खूश होतात आणि रात्री तो एकटाच संडासला निघतो. पाय उचलता येणं वेगळं, अंगाचा भार पेलणं वेगळं. वहीत 'तीन' लिहिलं असेल, तर त्याच्या शेजारी 'एकट्याला सोडू नये' हेही लिहायला हवं.

परिचारिकेची खरी परीक्षा मात्र प्लॅस्टरच्या रुग्णापाशी होते, आणि तीही रात्रपाळीत. कोपराजवळचं किंवा नडगीचं हाड मोडलेलं असतं, दुपारी प्लॅस्टर झालेलं असतं. आत सूज वाढते, प्लॅस्टर काही सैल होत नाही. स्नायूंच्या कप्प्यात दाब चढतो आणि रक्त पुरेनासं होतं. साधारण चार ते सहा तासांनंतर स्नायूंचं नुकसान कायमचं होऊ लागतं. मग हात वाचतो, पण पंजा आकसून पक्ष्याच्या नखीसारखा होतो. फोल्कमन या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये वर्णन केलेलं हे व्यंग गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळून बांधलेल्या हातातही होतं. ज्या वेळेत ते टाळता येतं, त्या वेळेत रुग्णाजवळ बहुतेकदा परिचारिकाच असते.

काय बघायचं? बोटं फिकी किंवा गार पडलीत का, मुंग्या येतात का, बोटं हलतात का, नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत लाली परत येते का. पण यातलं बरंचसं उशिरा दिसतं. नाडी तर शेवटपर्यंत लागू शकते, त्यामुळे 'नाडी आहे' म्हणून निर्धास्त होता येत नाही. सगळ्यात आधी बोलते ती वेदना. रुग्णाची बोटं आपण हलकेच सरळ करून बघायची. तेवढ्यानेही तो ओरडला, किंवा सुई देऊनही दुखणं वाढतच असलं, तर धोका आहे असं समजायचं. लहान मूल हे बोलून सांगत नाही. ते कासावीस होतं, चिडतं आणि त्याला पुन्हा पुन्हा दुखण्याचं औषध लागतं. अशा वेळी दुसरं इंजेक्शन देऊन झोपवायचं नाही. हात किंवा पाय हृदयाच्या पातळीला ठेवायचा, उशांवर उंच नाही, आणि डॉक्टरांना तडक उठवायचं. प्लॅस्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत चिरून मोकळं करावं लागतं. "सिस्टर, सकाळी बघू" हे उत्तर आलं तर पुन्हा फोन करायचा आणि वेळ लिहून ठेवायची. मी विद्यार्थिनींना हे धीटपण शिकवते, कारण अभ्यासक्रमात त्याला गुण नाहीत.

हे वाचणाऱ्या बहुतेकांना परिचारिका व्हायचं नाही. नातेवाईक म्हणून तुम्ही कधी ना कधी हाडाच्या वॉर्डात बसालच. तेव्हा तीन गोष्टी करा. ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस पडून असलेल्या माणसाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर प्रेमाने तेल लावून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून आधी सिस्टरना दाखवा. माणूस कुशीवर वळत नसेल तर दर दोन तासांनी त्याला वळवायला मदत करा आणि टाचा व माकडहाडाजवळची कातडी लाल झालीय का बघा. आणि सिस्टरने विचारलं, "पडायच्या आधी खाली बसून उठता यायचं का?" तर "आता त्याचं काय?" असं म्हणू नका. खरं उत्तर द्या. माणूस कितपत बरा झाला, हे उद्या त्या उत्तरावरूनच ठरणार आहे.