बाशिंग आणि हिंगोलीचा उन्हाळा

हिंगोली जिल्हा म्हटला म्हणजे औंढ्याचा नागनाथ, नरसीचे संत नामदेव, कयाधूचे खोरे आणि वसमतची हळद ही चटकन स्मरणात येतात. नेचे या वनस्पतीचे नाव मात्र या भूमीशी सहसा कोणी जोडणार नाही. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे ७०० सेंटीमीटर पाऊस पडतो. हिंगोलीची सरासरी १०० च्या आत आहे. तथापि सह्याद्रीतील बाशिंग नावाचे नेचे थोड्या काळजीने या उष्ण मुलखातही जगविता येते.

कोकणात जुन्या आंब्यांच्या बुंध्यांवर ते आम्ही पाहिले आहे. वृक्षाच्या कपाळी बाशिंग बांधावे, तशी त्याची शोभा दिसते. लिनीयस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली त्यास नाव देताना ओक वृक्षाच्या पानाची उपमा योजिली. कित्येक लोक त्यास बांडगूळ समजून उपटून टाकतात, हा अन्याय होय. बांडगूळ झाडाचा रस शोषून घेते. बाशिंग केवळ आसन मागते.

त्याची पाने दोन प्रकारची असतात. लांब, कातरलेली हिरवी पाने अन्न तयार करतात व त्यांच्या पाठीवर बीजुके धरतात. तळची आखूड, बिनदेठाची पाने लवकरच तपकिरी होतात. परंतु तशीच टिकून पालापाचोळा व ओल साठवितात. त्याचेच पुढे खत होते. घरातील वृद्धांनी अर्जन थांबल्यावरही घराचा ठेवा सांभाळावा, तद्वत् हे आहे. सबब स्वच्छतेच्या भरात ही वाळकी पाने कदापि खुडू नयेत.

रोप घाटातून ओरबाडून न आणता रोपवाटिकेतून घ्यावे. त्याचे खोड मातीत पुरू नये, ते कुजते. परसातील आंब्याच्या सावलीतील बाजूस, अथवा ओंडक्यावर, काथ्याने बांधावे. पावसाळ्याच्या आरंभी बांधल्यास मुळ्या लवकर धरतात. पश्चिमेचे ऊन टाळावे व उन्हाळ्यात सकाळी पाणी शिंपडावे.

खरी कसोटी चैत्र-वैशाखात लागते. हिरवी पाने झडतात, काटक्या उरतात आणि रोप मेले असे समजून ते उकिरड्यावर टाकले जाते. वस्तुतः ती त्याची निद्रा होय. खोड अंगठ्याने दाबून पाहावे. घट्ट लागले तर जीव शाबूत आहे असे जाणावे. ज्येष्ठ-आषाढाच्या सरी आल्या की त्याच खवलेदार खोडातून नवी पालवी फुटते. तोवर गृहस्थाने धीर धरावा, एवढेच ते मागते.