आपत्काळी आलेला ग्रंथ

ग्रंथकर्त्याच्या हाती त्याचे नवे पुस्तक प्रथम येते त्या क्षणी त्याला होणारा आनंद इतका खासगी, आणि खरे सांगायचे तर इतका बालिश असतो, की चारचौघांत त्याचा उच्चार करण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही. प्रकाशनसमारंभात व्यासपीठावरून जे बोलले जाते त्यात विनय पुष्कळ असतो, आणि विनयाचे व आनंदाचे फारसे सख्य नाही. काळ सुखाचा असला म्हणजे हा आनंद कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु भोवताली माणसे दगावत असता, शेजारच्या तालुक्यातील घरेदारे पुराच्या चिखलातून उपसली जात असता, एखाद्याने कोऱ्या पुस्तकाची पाने उलगडून त्यांचा वास घेत बसावे हे औचित्याला धरून आहे काय, असा प्रश्न २०२१च्या श्रावणात मला पडला.

पुस्तक खाडीकाठच्या गावांविषयीचे. त्याचे लेखन महामारीपूर्वीच पुरे झाले होते. मुद्रण मात्र नेमके त्या वर्षाच्या वाट्याला आले. मुद्रिते तपासण्याचे जे काम एरवी मी लाल शाईने, कागदावर, ओळीखाली पट्टी धरून करतो, ते या खेपेस मोबाइलच्या पडद्यावर करावे लागले, कारण पुण्यातील छापखाना निम्म्या माणसांवर चालला होता आणि टपालाचा भरवसा राहिला नव्हता. अशाच एका रात्री ऋणनिर्देशाचे पान तपासत असता, ज्या मित्राने पहिला खर्डा वाचून त्यातील निम्मी विशेषणे काढून टाकायला लावली होती, त्याच्या नावाआधीचे 'श्री.' खोडून तेथे 'कै.' घालावे लागले. मुद्रितशोधनात याहून लहान दुरुस्ती नसेल; जुळारी ती क्षणात करतो, ओळ हलत नाही, पानही सरकत नाही. मला मात्र त्या रात्री पुढचे पान तपासवले नाही.

मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले. पुढे २२ जुलैला वासिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, बाजारपेठ बुडाली, महामार्गावरचा पूल खचला, कोकण रेल्वे थांबली. आणि पुण्याहून निघालेला माझ्या पुस्तकांचा गठ्ठा वाटेत कोठे पडून राहिला आहे हे सांगणारा कोणी भेटेना. तो अखेर दारात आला तेव्हा मी वयाला न शोभेल अशा घाईने पुढे झालो. "अहो, आधी ते खोकं पुसून घ्या, मग काय मिठ्या मारायच्या त्या मारा," असे म्हणत पत्नीने फडके माझ्या हाती दिले, आणि मग वरची प्रत स्वतःच उचलून देवापुढे ठेवून तिला हळदकुंकू वाहिले. मला आनंद झाला. तो काळवेळ पाहून आला नाही, आणि त्या दिवशी वर्तमानपत्रात काय छापून आले होते याचीही त्याने चौकशी केली नाही.

अशा आनंदाचा न्यायनिवाडा करायचा तर रत्नागिरीच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. टिळक आळीतील ज्या घराकडे शाळांच्या सहली येतात त्याचा संबंध १८५६ साली या गावात जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांशी आहे. आणि मराठीत आपत्काळी निपजलेल्या ग्रंथांत टिळकांच्या 'गीतारहस्या'चे स्थान पहिले आहे. १९०८च्या जुलैत राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात झाली. त्या मंडालेचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रज सरकारने १८८६ सालीच आमच्या रत्नागिरीत आणून ठेवले होते, आणि त्याच्यासाठी येथे राजवाडा बांधून झाला तो १९१० साली. ज्या हिवाळ्यात टिळक मंडालेत 'गीतारहस्य' लिहीत होते त्याच सुमारास मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी खाडीकडे तोंड करून बसला होता, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजिला असता तर परीक्षकांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

लेखनाचा व्यवसाय करणाऱ्याने त्या हिवाळ्याचा तपशील बारकाईने पाहावा. शके १८३२च्या कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, ग्रंथाचा पहिला खर्डा उतरला. शाई मिळत नसे; लिहायचे ते पेन्सिलीने. सुटे कागद देण्याची मनाई होती. मिळत त्या बांधीव वह्या, पृष्ठांक घातलेल्या, म्हणजे एखादे पान फाडले तर दप्तरी त्याचा हिशेब लागावा. आमच्यासारखे लेखक चार ओळी लिहून कागद चुरगाळतात, मागचे प्रकरण पुढे नेतात, आणि अशा उलथापालथीतून विषयाची मांडणी सापडेल या आशेवर राहतात. पृष्ठांकित वहीत ती सोय नसते. पंधरा प्रकरणांची इमारत मनात आधी उभी झाल्याशिवाय पहिल्या पानावर पेन्सिल टेकविण्यात अर्थ नव्हता, आणि म्हणूनच त्या ग्रंथाचा युक्तिवाद एवढ्या पल्ल्याचा असूनही त्याचा दोरा सुटत नाही. सरकारी बंदोबस्ताने ग्रंथकर्त्यावर जे निर्बंध घातले त्यांतून रचनेची शिस्त निर्माण व्हावी, असे काही घडविण्याचा हुकूम काढणाऱ्यांचा हेतू खासच नसणार.

खर्डा लिहून होण्यात आणि ग्रंथ छापून येण्यात चार वर्षे गेली. १९१२च्या जूनमध्ये पुण्यास टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. ती वार्ता टिळकांना तुरुंगातच कळली. १९१४च्या जूनमध्ये सुटका झाली, परंतु वह्या सरकारच्या ताब्यात राहिल्या, आणि ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटल्यावर त्या परत मिळतील की नाही याविषयी लोक साशंक झाले. वह्या न मिळाल्यास मजकूर डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते. वह्या मिळाल्या. युद्धामुळे कागदाची चणचण होती. स्वदेशी गिरणीचा कागद वेळेवर मिळाला म्हणून छपाई अडली नाही, आणि १९१५च्या जूनमध्ये ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला.

या सर्व हकीकतीला ग्रंथात स्थान मिळाले ते प्रस्तावनेत, आणि तेही संयमाने. पंधरा प्रकरणांतील प्रतिपादन तुरुंगवासाच्या आधारावर कोठेही टेकत नाही. ग्रंथ बंदिवासात लिहिला म्हणून वाचकाने एखादा दुबळा मुद्दा मान्य करावा, अशी सवलत ग्रंथकर्त्याने मागितलेली नाही. आपत्काळाची जागा प्रस्तावनेत आणि ऋणनिर्देशात, हा धडा मी तेथून घेतला. माझ्या पुस्तकाच्या अखेरीस महामारीवर एक समयोचित लेख जोडावा, म्हणजे खप होईल, असे मला सुचविण्यात आले होते. मी तो जोडला नाही. खाडीकाठच्या गावांविषयी जे म्हणायचे होते ते त्या लेखावाचून पुरे झाले होते; आणि त्या वर्षाची नोंद 'कै.' या एका अक्षराने झालीच होती.

प्रस्तावनेला आणखीही एक काम असते. टिळकांच्या प्रस्तावनेत छापणाऱ्यांचे, शोधन करणाऱ्यांचे, कागद पुरविणाऱ्यांचे आभार आहेत. तुरुंगात त्यांच्यापर्यंत शेकडो पुस्तके पोहोचली ती पुण्याहून कोणी बांधून पाठविली म्हणून, आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था होती ती एका मराठी कैद्याकडे. सुकाळात पुस्तक आपोआप आल्यासारखे येते आणि लेखकाला ते आपले एकट्याचे वाटते. आपत्काळात कागद अडतो, बांधणी करणारा आजारी पडतो, गाडी घाटाखाली थांबते, आणि मग त्या पुस्तकामागचा एकेक हात दिसू लागतो. माझा आनंद अनुचित नव्हता असे मी आज म्हणतो ते एवढ्याच आधारावर: तो माझ्या एकट्याचा नव्हता, त्यात गेलेल्या मित्राचाही वाटा होता.

तो आनंद कित्येकांच्या नशिबी येतच नाही. रत्नागिरीपासून गणपतीपुळ्याच्या वाटेने गेले की मालगुंड लागते. तेथे १८६६ साली जन्मलेले केशवसुत १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले तेव्हा त्यांच्या कवितेचे पुस्तक निघालेले नव्हते. ते निघाले १९१७ साली, हरि नारायण आपटे यांच्या हातून. आधुनिक मराठी कवितेचा आरंभ ज्यांच्यापासून मोजतात त्या कवीने आपल्या कवितेची बांधलेली प्रत हाती धरली नाही. मालगुंडच्या स्मारकात उभे राहिले असता मला नेहमी हीच गोष्ट आठवते, आणि आपल्या लहानशा पुस्तकाविषयी कुरकुर करण्याची हिंमत होत नाही.

आता वाचकांना एक विनंती. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५च्या पुरात त्याची पुस्तके गेली, आणि २०२१ साली पाणी पुन्हा आत शिरले. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ पासून चालत आले आहे. या संस्था कोण्या एका दात्याच्या देणगीवर टिकलेल्या नाहीत. वर्गणी भरणाऱ्या, पुस्तके पुसून पुन्हा फळीवर लावणाऱ्या असंख्य माणसांनी त्या राखल्या आहेत. तेव्हा आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर ती भरा, आणि या वर्षी जे पुस्तक आवडीने विकत घ्याल त्याची आणखी एक प्रत तेथे नेऊन द्या.