अडलेली फटफटी

वडिलांच्या मागे माझ्याकडे तीन वस्तू आल्या : एक घड्याळ, एक छत्री आणि एक फटफटी. घड्याळ चालते, छत्री उघडते. फटफटी मात्र तिच्या मनात येईल तेव्हाच सुरू होते.

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि शाळेची वेळ होत आली होती. पंधरावीस लाथा मारून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की पेट्रोलचा कॉकच बंद आहे! आपली चूक सापडली, की माणूस ती दुपटीने भरून काढू पाहतो. मी कॉक उघडला, चोक ओढला, पेट्रोल ओघळेपर्यंत कार्बोरेटर भरला आणि पुन्हा लाथांचा सपाटा लावला. सदरा भिजला, गुडघा बोलू लागला, शेजारच्या ओसरीवरून सल्ले येऊ लागले. फटफटी ढिम्म.

अखेर ती ढकलत नाक्यावरच्या मिस्त्र्याकडे नेली. त्याने आधी नुसता वास घेतला.

"किती लाथा घातल्या, गुरुजी?"

"पन्नासेक असतील."

"गाडी ओव्हर झालीय. आता जरा बसू द्या तिला."

त्याने प्लग काढला. तो ओलागच्च होता. कोरडा असता तर पेट्रोल पोचत नाही असे समजायचे. ओला म्हणजे नको इतके पोचले. प्लग पुसून, वायरीला जोडून, भोकापासून दूर इंजिनच्या धातूला टेकवून त्याने एक किक मारली. निळी ठिणगी तडकली.

"आग आहे हिच्यात. तुम्ही ती बुडवलीत."

ऑटो नावाच्या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले. फटफटीतल्या या यंत्राच्या मागण्या तीनच आहेत : इंधन, हवा आणि वेळेवर ठिणगी. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. पेट्रोलचाच पूर आला, तर ठिणगी पडूनही काही पेटत नाही. मिस्त्र्याने कॉक आणि चोक बंद केले, मूठ पुरती पिळून प्लगवाचून पाचसहा किका मारल्या आणि चहा सांगितला.

त्या चहात मला पाचवीतला एक मुलगा दिसला. आदल्याच दिवशी मी त्याला फळ्यापाशी उभे केले होते. तीन आकडी गुणाकार. तो गप्प राहिला, म्हणून मी पुन्हा विचारले, मग मोठ्याने, मग पाढा विचारला, मग कालचा अभ्यास. वर्ग हसला. मधे एकदा त्याचे ओठ हलले होते. मी तेवढ्यात पुढचा प्रश्न विचारला होता.

प्लग बसवला. एका लाथेत फटफटी बोलू लागली. मिस्त्र्याने पैसे फक्त चहाचे घेतले.

दुपारच्या तासाला मी त्या मुलाला तोच गुणाकार घातला आणि खिडकीशी जाऊन बाहेर पाहत उभा राहिलो. पागोळ्या गळत होत्या. वर्ग चुळबुळला, मग शांत झाला. बऱ्याच वेळाने मागे खडूचा आवाज आला.

उत्तरात एक हातचा राहिला होता. तो दुरुस्त करायला चहाइतकाही वेळ लागला नाही.