जाणत्या घोड्याची सोबत

नव्याने रस्त्यावर आणलेल्या किंवा एखाद्या प्रसंगाने धास्तावलेल्या घोड्याला मैदानाबाहेरच्या रपेटीची सवय लावायची असेल, तर त्याच्याबरोबर अनुभवाने पोक्त असा दुसरा घोडा द्यावा, हा अश्वशिक्षणातला जुना प्रघात आहे. येथे पहिल्याला बुजरा आणि दुसऱ्याला जाणता घोडा म्हटले आहे. बुजणे म्हणजे अनपेक्षित वस्तू, हालचाल किंवा आवाज यांनी दचकून घोड्याने एकाएकी बाजूला उडी घेणे, जागीच थबकणे किंवा मागे वळून उधळणे. प्रघात साधा दिसत असला, तरी दोन घोडे शेजारी चालवले की काम झाले, असे होत नाही; जाणत्याकडून बुजऱ्याला नेमके काय मिळते, ते कोणत्या बाजूने, किती अंतरावरून आणि किती काळ मिळू द्यायचे, हे ठरवण्यातच स्वाराचे कसब आहे.

घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी असल्यामुळे त्याची ज्ञानेंद्रिये धोक्याची चाहूल घेण्यासाठीच घडलेली आहेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने कपाळासमोरची आणि शेपटीमागची चिंचोळी जागा सोडली, तर सभोवतालच्या सुमारे ३५० अंशांतील हालचाल त्याला दिसते. परंतु यांपैकी बराचसा भाग एका वेळी एकाच डोळ्याने दिसत असल्यामुळे कडेला फडफडणारे प्लास्टिक चटकन टिपले जाते आणि ते काय आहे हे मात्र तितक्या लवकर उमगत नाही. कळपात ही उणीव सोबत्यांमुळे भरून निघते, कारण एकाने मान उंचावून कान टवकारले की बाकीचे चरणे थांबवतात आणि तोच निवांत चरू लागला की तेही पुन्हा गवताकडे वळतात. एकट्याने रस्त्यावर आलेल्या घोड्यावर पहाऱ्याचे सगळे काम येऊन पडते, आणि त्याच्या बुजरेपणात स्वभावाइतकाच या एकटेपणाचाही वाटा असतो.

सोबतीचा हा परिणाम प्रयोगानेही पडताळला गेला आहे. डेन्मार्कमधील संशोधक यान्ने विंथर क्रिस्टेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही तरुण घोड्यांना भीतिदायक प्रसंगाला सामोरे नेताना त्या प्रसंगाची आधीच सवय झालेला सोबती दिला होता, तर इतरांना तशी सवय नसलेला. सरावलेला सोबती लाभलेल्या घोड्यांनी कमी भीती दाखवली आणि त्यांच्या हृदयाचे ठोकेही तुलनेने कमी राहिले. पुढे सोबत्याविना तपासले असताही या लाभाच्या खुणा दिसल्या. व्यवहारासाठी यातून निघणारा बोध नेमका आहे: नुसती सोबत पुरत नाही, तर सोबत्याला तीच गोष्ट ठाऊक असावी लागते. रानवाटेवर निश्चिंत चालणारा घोडा मालमोटारींच्या रस्त्यावर जाणता ठरेलच असे नाही, आणि जिथे दोन्ही घोडे नवखे असतात तिथे एकाची भीती दुसऱ्याला लागते. म्हणून सोबती निवडताना त्याचे वय किंवा मंदपणा न पाहता, ज्या वाटेने जायचे आहे त्या वाटेवरच्या गोष्टी त्याने पूर्वी पाहिल्या आहेत का, हे पाहावे.

यानंतरचा प्रश्न जागेचा. भारताप्रमाणेच डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या ब्रिटनमध्ये बुजऱ्याला डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, आणि जाणत्याला उजवीकडे, वाहनांच्या बाजूला ठेवतात. कुंपणातून पक्षी उडाला आणि बुजरा उजवीकडे सरकला, तर त्याच्या आणि चाकांच्या मध्ये जाणत्याचे शरीर आडवे येते. तिथल्या हायवे कोड या वाहतूक नियमावलीत २०२२ सालच्या बदलांनुसार घोड्याजवळून जाणाऱ्या वाहनाने ताशी १० मैलांहून कमी वेग आणि किमान २ मीटर अंतर ठेवावे असे सांगितले आहे. पण प्रत्येक चालक ते पाळेलच, असे गृहीत धरून स्वाराने निघू नये. शेजारी चालताना बुजऱ्याचे डोके जाणत्या घोड्याच्या स्वाराच्या गुडघ्याजवळ राहावे, म्हणजे जाणत्याचे कान आणि मान बुजऱ्याच्या नजरेत राहतात. अरुंद वाटेवर जाणता पुढे जातो, आणि तेव्हा मागच्या स्वाराला आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याचे मागचे खूर दिसतील इतके अंतर राखावे, कारण घाबरलेला घोडा पुढच्याच्या पुठ्ठ्यांना भिडला, तर शांत घोडासुद्धा दुगाण्या झाडतो.

घोड्यांची निवड आणि जागा साधली, तरी स्वार बिघडवू शकतो. लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घोड्यांना एकाच वाटेवरून चार वेळा नेण्यात आले आणि शेवटच्या फेरीआधी माणसांना सांगण्यात आले, की या वेळी जवळ एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडली गेलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले, शिवाय स्वारांचा कल लगाम आखडता घेण्याकडे दिसला. बुजऱ्यावर बसलेला स्वार समोरची कचराकुंडी पाहून श्वास रोखतो, मांड आवळतो आणि लगाम खेचतो, तेव्हा शेजारचा घोडा जे आश्वासन देत असतो तेच पाठीवरचा माणूस खोडून काढतो. म्हणून दोघांपैकी अधिक मुरलेला स्वार बुजऱ्यावर असावा, आणि जाणत्यावरच्याने चाल एकसारखी राखावी. बुजरा थबकला की त्यानेही थांबावे, पुढे निघून जाऊन सोबत तोडू नये.

या पद्धतीचा एक धोकाही आहे. बुजऱ्याला सोबतीचीच इतकी सवय जडते, की जाणता वळणाआड गेला तरी तो खिंकाळतो आणि जागचा हलत नाही; तसे झाले तर भीती गेलेली नसते, ती फक्त वस्तूकडून विरहाकडे सरकलेली असते. यावर उपाय म्हणजे सोबत पहिल्यापासूनच हळूहळू उणी करत जाणे: आधी बुजऱ्याला काही पावले पुढे काढणे, मग पुढे राहण्याची पाळी आलटून पालटून देणे, मग दोघांमधले अंतर वाढवणे आणि अखेरीस ओळखीच्या वाटेचा छोटा तुकडा त्याला एकट्याने चालू देणे. प्रत्येक पायरी घोडा निवांत असतानाच बदलावी, घाईच्या दिवशी नव्हे.

या साऱ्यात ज्याची नोंद सर्वांत कमी होते, तो जाणता घोडा. अमेरिकेच्या शर्यतींच्या मैदानांवर उतावळ्या घोड्यांना प्रारंभरेषेपर्यंत सोबत करणारे घोडे नित्याचे आहेत. १ नोव्हेंबर १९३८ रोजी पिमलिको येथील शर्यतीत वॉर अॅडमिरल या घोड्याला हरवणारा सीबिस्किट जगाला ठाऊक झाला, पण प्रशिक्षक टॉम स्मिथ यांनी त्या अस्वस्थ घोड्याजवळ ठेवलेला पम्पकिन हा सोबती फारच थोड्यांच्या स्मरणात आहे. शांतपणा हा जाणत्याचा अक्षय ठेवा नव्हे. रोज दुसऱ्याचे धक्के आणि चावे सोसणारा, प्रत्येक रपेटीत कुणाला तरी सांभाळणारा घोडा हळूहळू कान पाडू लागतो, चालायला नाखूश होतो किंवा स्वतःच बुजू लागतो. आणि त्या खुणा वेळेवर वाचल्या नाहीत, तर एका घोड्याला धीर देताना दुसऱ्याचा धीर खर्ची पडतो. म्हणून पागेच्या वेळापत्रकात बुजऱ्याच्या प्रगतीइतकीच जाणत्याच्या विसाव्याचीही नोंद असावी, त्याला आठवड्यातून काही वेळा कोणतीही जबाबदारी नसलेली, त्याच्या आवडीच्या चालीची रपेट मिळावी, आणि त्याने एखाद्या वस्तूपाशी पाऊल अडवले, तर इतकी वर्षे ज्याच्या पारखीवर भरवसा ठेवला त्याची ती शंकाही तितक्याच गांभीर्याने घ्यावी.