आत्याचा पेला

खोकला तीन आठवडे लांबला, वजन घटले, तरी तो सारा फळ्यावरील खडूच्या धुळीचा प्रताप आहे असे मी मानीत होतो. शिकलेला मनुष्य स्वतःची फसवणूकदेखील तर्कशुद्ध रीतीने करतो. अखेर थुंकी तपासली गेली आणि रुग्णालयाच्या मागील अंगास असलेल्या क्षयरोग विभागात माझी रवानगी झाली. ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून तेथील बाकावर मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसलो. समोरच्या गृहस्थांनीही तीच युक्ती योजिली होती!

डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या असाव्यात. हल्लीच्या यंत्राने अवघ्या दोन तासांत क्षयाचे जंतू तर सापडतातच, शिवाय ते रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतील की नाही तेही कळते. माझे जंतू दाद देणारे निघाले. बाईंनी सारा हिशेब सांगितला: पहिले २ महिने चार औषधे, पुढले ४ महिने तीन, रोज, न चुकता. लघवी नारिंगी होईल, भिऊ नका. परंतु रंग ओळखू येईनासे झाले तर त्याच दिवशी या. मग म्हणाल्या, "खरी भीती तुम्हाला बरे वाटू लागेल तेव्हाची आहे." बहुतेक जंतू आरंभीच मरतात, थोडे सुस्त पडून राहतात. औषध मध्येच सोडणाऱ्याच्या छातीत ते पुन्हा उठतात, आणि कधी कधी त्या औषधालाच जुमानीत नाहीत.

"घरी कोण कोण असते?" त्यांनी विचारले. मी काहीशा अभिमानानेच म्हणालो, की माझे ताट आणि पेला मी केव्हाच निराळा केला आहे.

"पेल्याने काय होणार? हा रोग हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा, आणि उद्या सगळ्यांना तपासायला घेऊन या."

पेल्याने काय होणार! आमच्या जुन्या घरी आत्याचा पितळी पेला स्वयंपाकघराबाहेरच्या कोनाड्यात असे. १९७० नंतरच्या त्या वर्षांत तिने दीड वर्ष इंजेक्शने आणि गोळ्या घेतल्या, आणि ती ठणठणीत बरी झाली. पेला मात्र कोनाड्यातच राहिला. एका उन्हाळ्यात मी खेळून आलो तेव्हा तिने त्याच पेल्यातून मला पन्हे आणून दिले. मी हात मागे घेतला. "आई म्हणते, तुझ्या पेल्यातले पिऊ नये." आत्या काही बोलली नाही. ते पन्हे तिने उभ्याउभ्याच पिऊन टाकले, पेला विसळला आणि जागच्या जागी ठेवला. पुढे वीस वर्षे ती जगली. मला पुन्हा तिने कधी काही प्यायला दिले नाही.

घरी येऊन मी माझा पेला फडताळात इतर पेल्यांबरोबर ठेवला. पत्नीने पाहिले, विचारले काही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघेही त्या बाकावर बसलो होतो. वर्तमानपत्र मी घरीच ठेवले होते.