एका उताराची गोष्ट

जयपूरला गेलेला पाहुणा काय काय बघून येतो? हवामहल, जंतरमंतर, आमेरचा किल्ला. फार तर बाजारातून मोजड्यांचा एक जोड घेतो आणि परतीच्या गाडीत बसतो. पण बालमित्रांनो, आज आपण जाणार आहोत ते जयपूरच्या जगतपुरा भागात. तिथे नेमबाजीची एक शूटिंग रेंज आहे. आपल्याला मात्र बंदुका बघायच्या नाहीत. बघायचा आहे एक साधासा उतार!

२०१५ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तेरा वर्षांची अवनी लेखरा या रेंजवर आली. २०१२ मध्ये मोटार-अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली होती. कमरेखालची हालचाल गेली आणि ती चाकांच्या खुर्चीत बसून वावरू लागली. मुलीने घरात कोमेजून बसू नये, काहीतरी खेळावं, म्हणून वडिलांनी तिला धनुर्विद्या आणि नेमबाजी दोन्ही दाखवले. तिला आवडली ती नेमबाजी.

पण अडचण दारातच होती. खुर्ची आत न्यायला रॅम्प, म्हणजे पायरीऐवजी केलेला उतार, तिथे नव्हता! आणि हे कुठे? तर ज्या जयपूरने १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय तयार करून असंख्य लोकांना पुन्हा चालतं केलं, त्या शहरात! असं कुणी मुद्दाम करत नाही. इमारत बांधताना चाकांवरून येणारा माणूस डोळ्यांपुढे येतच नाही, इतकंच.

अवनी परत फिरली नाही. तिने तिथे रॅम्प करवून घेतला. खुर्चीतल्या नेमबाजाचे नियम काय, सामान कुठे मिळतं, हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ते सगळं शोधत शोधत शिकावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, रॅम्प करण्यात काय मोठंसं? एक फळी टाकली की झालं! तसं नाही बरं का. उतार फार उभा असेल तर खुर्ची चढवताना दमछाक होते, ती मागेही कलंडू शकते. म्हणून साधा हिशेब असा : जेवढी उंची, त्याच्या बारापट लांबी. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटरचा उतार. आत गेल्यावर खुर्ची वळवायला साधारण दीड मीटर मोकळी जागा हवी. नेमबाजापुढच्या टेबलाखाली गुडघे जायला हवेत. आणि स्वच्छतागृहाचं दार? तेही खुर्ची जाईल इतकं रुंद हवं. नाहीतर दिवसभर सराव करायचा कसा?

गंमत म्हणजे खेळात काहीच सोपं करावं लागत नाही. एअर रायफलचं लक्ष्य सगळ्यांनाच १० मीटरवर. त्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका सगळ्यांनाच अर्ध्या मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या टोकाएवढा! अवनीच्या प्रकाराचं नाव 'स्टँडिंग', म्हणजे उभ्याने. खुर्चीतले नेमबाज तो बसूनच खेळतात, पण कोपर कशावरही टेकवायचं नाही. रायफलचा सगळा भार हातांवर. करून बघा, पाच मिनिटांत हात भरून येतील.

३० ऑगस्ट २०२१. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये अवनीने अंतिम फेरीत २४९.६ गुण मिळवले आणि जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने २४९.७ गुणांसह पुन्हा सुवर्ण पटकावलं. त्याच स्पर्धेत राजस्थानच्याच मोना अगरवालने कांस्यपदक मिळवलं. आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकरही टोकियोत पुरुषांच्या एअर रायफलमध्ये चौथा आला होता. पदक अगदी थोडक्यात हुकलं!

अवनी त्या दिवशी दारातूनच घरी गेली असती तर? चूक एका पायरीची आणि नुकसान साऱ्या देशाचं! अशा किती दारांतून किती अवनी परत गेल्या असतील, ते कुणी मोजलेलं नाही.

पण एक गोष्ट तुम्ही नक्की मोजू शकता. उद्या शाळेत पट्टी घेऊन जा. फाटकापासून तुमच्या वर्गापर्यंत, ग्रंथालयापर्यंत, मैदानापर्यंत किती पायऱ्या लागतात? त्यांची उंची लिहून काढा, बारांनी गुणा आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. गणिताचा एवढा चांगला गृहपाठ दुसरा नसेल.