आवाजही तिचा, चेहराही तिचा

पलूसचं नाव गाण्याच्या इतिहासात आहे. बाहेरच्या जाणकारांना ते ठाऊक असतं, गावात मात्र त्याची फारशी चर्चा कधी ऐकली नाही. विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले कुरुंदवाडला, १८७२ साली. पण घराणं मूळचं आमच्या गावचं, म्हणून पलुसकर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे आमच्या गावाचं नाव गाण्याच्या खांद्यावर बसून लाहोरला गेलं. त्यानंतर ऐंशी वर्षांनी कराचीत जन्मलेल्या एका मुलीचा आवाज कॅसेटीत बसून आमच्या घरी पलूसला आला. ही परतफेड होती, असं आम्ही भावंडं गमतीनं म्हणतो.

ती मुलगी नाझिया हसन. जन्म १९६५चा, बालपण निम्मं कराचीत, निम्मं लंडनमध्ये. फिरोज खान यांच्या 'कुर्बानी'त, १९८० साली, तिचं 'आप जैसा कोई' आलं आणि रेडिओ ऐकणारी सगळी पोरं येडी झाली. संगीत होतं बिद्दू यांचं. मूळचे बंगळूरचे, पण लंडनमध्ये नाव कमावलेले. गाण्याला फिल्मफेअर मिळालं तेव्हा नाझिया शाळकरी वयाची होती. पडद्यावर मात्र ते गाणं झीनत अमानचं. आमच्या सिनेमाची रीतच ती. आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा. ज्या मोहल्ल्यात पडदा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, तिथं आम्हाला ही रीत कधी खटकलीच नाही.

मग १९८१ साली 'डिस्को दीवाने' आलं. यात सिनेमा नव्हता, हिरॉईन नव्हती, कथा नव्हती. नाझिया आणि तिचा भाऊ जोहेब, आणि मागं बिद्दूंचं संगीत. त्या काळी सिनेमाबाहेरची कॅसेट म्हणजे गझल, कव्वाली, भजन नाहीतर नाट्यगीतं. सोळा वर्षांची पोरगी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या चेहऱ्यानं गाते आणि लोक तिच्यासाठी दुकानात जाऊन पैसे मोजतात, हे नवं होतं. पुढं भारतात पॉपच्या कॅसेटींचा पूर आला, १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं (त्याचंही संगीत बिद्दूंचंच). त्या सगळ्याची वाट या कॅसेटीनं पाडली. तीही कुठं, तर ज्या मुलकात तेव्हा झिया उल हक यांची राजवट होती, तिथल्या मुलीनं.

आमच्याकडं ती कॅसेट मामूंनी मुंबईहून आणली. अब्बांनी सायकलवरून वाडीच्या कारखान्यात जाऊन-येऊन साठवलेल्या पैशांतून टू-इन-वन घेतला होता, बातम्या आणि कव्वालीसाठी. त्यात ही कॅसेट घातली आणि घरात जे झालं ते काय सांगावं! ढोल म्हणावा तर ढोल नाही, बेंजो म्हणावा तर बेंजो नाही. आवाजावर आवाज चढवल्यासारखा, जरा नाकातला, आळसावलेला. लतादीदींच्या आवाजावर वाढलेल्या कानांना तो कच्चाच वाटला. आम्हा भावंडांचं पहिलं मत असं की, हिला गाता येत नाही. आपाचं मत वेगळं. ती म्हणाली, "म्हणूनच तर. ही आपल्यासारखी गाते."

आपाही तेव्हा सोळाचीच. सेल उन्हात तापवायचे, गुंतलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळायची, हे आमचं काम. शब्द उतरवून घेणं हे तिचं. आठ दिवसांत उतरवून झाले आणि नवव्या दिवशी वहीत वेगळंच काही दिसू लागलं. त्याच ठेक्यावर तिनं आपले शब्द घातले होते, अर्धे मराठी, अर्धे आमच्या घरच्या दखनीतले. द्राक्षाच्या बागेत कागद बांधायला जाणाऱ्या बायकांवर एक गाणं. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर न थांबणाऱ्या गाडीवर एक. एक अब्बांच्या सायकलवर, त्यावर अब्बा स्वतः हसले होते.

दादीला वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती, आणि मधेच म्हणाली, "अगे, ये तो चक्कीकीच चाल है." आम्ही हसलो. पण दादीचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जात्याच्या फेऱ्याला जसा ठेका असतो, एकच एक, न थकणारा, तसाच तो होता. गावात पिठाची गिरणी येण्याआधी दादीनं आणि तिच्या सासूनं पहाटे जात्यावर गाणी रचली होती. त्यांत अल्लाचं नाव, पीरांचं नाव, माहेर, दीर, दुष्काळ सगळं. विजापूरकडच्या सूफींनी बायकांसाठी दखनीत चक्कीनामे आणि पाळण्यासाठी लोरीनामे रचले, हे अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. हा आमचा मुलूख आदिलशाहीचाच. त्या नाम्यांवर रचणाऱ्या बुजुर्गांची नावं आहेत. दादीच्या गाण्यांवर कुणाचंच नाव नाही, आणि ती आम्ही कुणी उतरवूनही घेतली नाहीत. गिरणी आली, जातं परसात गेलं, गाणी दादीबरोबर गेली.

मोहल्ल्यातले एक बुजुर्ग अब्बांकडं आले ते पुढच्याच महिन्यात. भांडायला नव्हे, चहा घेऊन शांतपणे बोलले. पोरीचा आवाजही पडद्यातच असावा, भाईर रस्त्यावर ऐकू येतो, शादीचं वय झालं. अब्बांनी ऐकून घेतलं. मिरज इथून फार लांब नाही. अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, त्यांची लेक हिराबाई बडोदेकर तिथंच जन्मली आणि तिकीट लावलेल्या जलशात हजारो लोकांसमोर बसून गायली. मिरजेच्या दर्ग्यात आजही उरुसात गाणं होतं. हे सगळं अब्बांना ठाऊक होतं, पण त्यांनी वाद घातला नाही. उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. कॅसेट बंद करा, असं मात्र म्हणाले नाहीत. त्या खिडकीबद्दल आम्हा भावंडांत आजही दोन मतं आहेत. एक म्हणतं, त्यांनी आपाचं गाणं वाचवलं. दुसरं म्हणतं, तिथंच ते संपलं.

दोन वर्षांनी आपाचा निकाह झाला, कऱ्हाडकडं. टू-इन-वन तिला दिला, कॅसेट तिनं आपणहून ठेवून दिली. नाझियाचे पुढचे आल्बम येत राहिले: 'यंग तरंग', 'हॉटलाइन', १९९२चं 'कॅमेरा कॅमेरा'. शेवटचा तर अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेसाठी होता. त्यानंतर तिनं गाणं सोडलं. लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण, संयुक्त राष्ट्रसंघात काम. १३ ऑगस्ट २००० रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगानं लंडनमध्ये गेली. वय पस्तीस. आपाला ती बातमी चार दिवसांनी जुन्या पेपरात कळली. तिनं फोन केला आणि फक्त "आपल्याच वयाची होती रे" एवढं म्हणाली.

२०१२ साली एका हिंदी सिनेमात 'डिस्को दीवाने' पुन्हा वाजलं. आपाच्या नातेवाइकांची पोरं लग्नात त्यावर नाचली. हे गाणं आपल्या आजीच्या वहीतल्या एका गाण्याची चाल आहे, हे त्यांना कोण सांगणार? आपा ढोलक घेऊन बायकांत बसते तेव्हा अजून आपली दोन-तीन गाणी म्हणते. बायकांना वाटतं, जुनी आहेत, कुणाची तरी आहेत.

या वार्षिकासाठी त्यांतली काही द्यावीत म्हणून आम्ही कऱ्हाडला गेलो. शंभर पानी वही, पुठ्ठा सुटलेला, पण शाई शाबूत. एकवीस गाणी निघाली. आपानं चष्मा लावून सगळी वाचली, तीन ठिकाणी शब्द बदलले. गाणी द्यायला तिची ना नाही. नाव घालायचं म्हटल्यावर थांबली. दुल्हेभाईंकडं पाहिलं. ते म्हणाले, "मेरेकू क्या पुछतीस, गाने तेरे हैं." तरी तिनं वही परत ट्रंकेत ठेवली आणि म्हणाली, पुढच्या ईदला या, तोवर ठरवते.